तुमच्या नावावरची गाठ

९ नोव्हेंबर, रविवार. आज नळाला पाणी आलंय, म्हणून तुमची जाकिटं धुवायला काढली आहेत.

वन्सं, पाण्याचा दिवस हुकला की पुढचे चार दिवस टाकीत डोकावत बसायचं, हे तुम्हाला काय सांगायचं. सासूबाई गेल्या त्या सकाळीही पाणी आलं होतं. तुम्ही मोठ्यानं रडत होतात. तशाच रडत उठलात, मोटर लावलीत, पिंपात पाइप सोडलात आणि परत येऊन आईच्या उशाशी बसलात. रडणं मध्ये कुठं थांबलं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तोवर, चेष्टामस्करी झाली तरी, मला तुमची भीतीच वाटायची. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, या बाईशी आपलं जमेल.

काल तुमच्या दिवसांची शिवगणाराधना झाली. पाहुणे जेवून गेले. तुमचा भाऊ आत झोपलाय. बहीण गेल्यापासून तो दुपारी झोपतो, पूर्वी कधी झोपायचा नाही. मी गच्चीवर आहे, दोन टब आणि हा ढीग घेऊन. निळं जाकीट, पिस्ता रंगाचं, ते एक भयंकर केशरी. सगळी सेकंडच्या टॉवेलांची. विणताना दोरा तुटलेला किंवा रंग फसलेला टॉवेल बाजारात जात नाही, तो सेकंड. तुमच्या शेडमध्ये त्याचीच चैन होती.

गेले दोन आठवडे मला एकच गोष्ट प्रत्येकाला सांगावी लागतेय. लोक येतात, टेकतात, पाणी पितात आणि आवाज खाली आणून विचारतात, "परत आलं होतं का हो ते?" मी म्हणते, नाही. हृदय बंद पडलं. शेडमध्ये, चहा पिता पिता. "जरा टेकते" म्हणाल्या आणि टेकल्या त्या टेकल्याच. त्यांची गाठ नऊ वर्षांपूर्वी काढली, ती परत आली नाही. हे ऐकून लोकांचा थोडा हिरमोड होतो, वन्सं. त्यांनी मनात एक गोष्ट तयार करून आणलेली असते. मी ती बदलायला लावते. तुम्ही वाचला होतात, हे कुणाच्या लक्षातच राहिलेलं नाही, म्हणून मी ठासून सांगते.

तुम्हाला बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली. आपल्या लिंगायतांत तसंच बसवून पुरतात, पण माझ्या माहेरच्या, केमच्या मावशीनं पहिल्यांदाच पाहिलं. ती हळूच म्हणाली, "अगं, या तर आता काहीतरी बोलतील असं वाटतंय." मलाही तेच वाटत होतं. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं आणि तुम्ही भांडण अर्धं सोडणाऱ्यांपैकी नव्हतात.

ते भांडण आज पुरं करायचं आहे. पण आधी मला थोडं मागं जाऊ द्या. टॉवेल भिजतायत तोवर वेळ आहे.

मी या घरात आले तेव्हा सगळे कन्नडमध्ये बोलायचे. केममध्ये आम्हाला कन्नडचा गंध नव्हता. स्वयंपाकघरात कुणी हसलं की मला वाटायचं, माझ्यावरच हसले. तुम्ही एकदा माहेरपणाला आलात, मला कोपऱ्यात घेतलंत आणि म्हणालात, "हुच्ची म्हंजे येडी. कुनी तुला हुच्ची म्हनलं तर उलट म्हन, नीनंच हुच्ची, तूच येडी. येवडं आलं की निम्मं कन्नड झालं." मी ते पाठ केलं आणि पहिल्यांदा वापरलं ते तुमच्यावरच. तुम्ही इतक्या हसलात की सासूबाई भाकरी तव्यावर तशीच सोडून बघायला आल्या.

पुढं तुमचे यजमान गेले. तुम्ही सासरच्या गावाची, वळसंगची वाट धरली नाहीत. सोलापुरात राहिलात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेऊन शिलाईची मशिनं टाकलीत. लूमवरून टॉवेल लांबच्या लांब थानात येतो. तो कापायचा, कडा दुमडून शिवायच्या, लोंबते दोरे तोडायचे, घडी घालायची. दहाएक बायका, सगळ्या नगावर. नगावर काम म्हणजे कामगार विमा नाही, रजा नाही, काही नाही. साऱ्या एमआयडीसीत तुम्ही अक्का झालात. मी एकटीच वन्सं म्हणत राहिले.

मी तोवर विम्याचं काम करायला लागले होते. गिऱ्हाईक म्हणून तुमच्याइतका छळ मला कुणी केलेला नाही. आरोग्य विम्याची पॉलिसी घ्या म्हणून मी वर्षभर तुमच्या मागं होते. शेवटी तुम्ही घेतलीत, ती मला गप्प करायला. "घे सही. आता यापायी माझ्या दारात येऊ नगं. जेवायला ये." चौथ्या वर्षी डाव्या बाजूला गाठ निघाली.

ती पॉलिसी कामाला आली. स्वतंत्र खोली, ऑपरेशन, पुढचे सलाइनचे महिने, सगळं कंपनीनं दिलं. तुमचे केस गेले तेव्हा तुम्ही टॉवेल डोक्याला गुंडाळून शेडमध्ये जाऊन बसायचात आणि म्हणायचात, फुकट जाहिरात. मी डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणायचे. तोंड आलेलं, भाकरी टोचायची, तरी तुम्ही ती पाण्यात बुडवून खायचात. दवाखान्याची खिचडी बघून म्हणायचात, "हे जेवान न्हाय, ही शिक्षा हाय."

आणि त्याच खाटेवर बसून तुम्ही मला विम्याचे नियम विचारायला लागलात. त्यातून आपलं नऊ वर्षांचं भांडण सुरू झालं.

पहिला प्रश्न तपासण्यांचा होता. मी समजावलं, की मॅमोग्राफी, सुईची तपासणी हे सगळं भरती व्हायच्या आधीचं आहे. पुढं त्याच आजारासाठी ठरलेल्या मुदतीत भरती झालीत, म्हणून ते पैसे मिळाले.

"आनि गाठ निगाली नसती तर?"

"तर भरती नसती झाली. मग पैसे नाहीत."

तुम्ही सलाइनची नळी बाजूला सारलीत. मग म्हणालात, "म्हंजे गाठ निगाली तर तपासणी फुकट आनि न्हाय निगाली तर माझ्या पदरची. चांगली बातमी महाग हाय की गं तुझ्या कंपनीत."

मी म्हटलं, काही पॉलिसींत वर्षातून एकदा तपासणी देतात. रक्त, साखर, छातीचा फोटो.

"छातीचा फोटो काडतात? मग गाठ दिसंल की."

"तो फुप्फुसांचा असतो वन्सं."

"यव्वा," तुम्ही म्हणालात. "छातीचा फोटो काडून छातीच बगत न्हाईत."

शेजारच्या खोलीतली टाके घातलेली बाई दारात बसली होती. तिला हसू आवरेना, नर्स धावत आली.

तिथून तुम्ही ते वर्षाचं शिबिर डोक्यात घेतलंत. दिवाळीनंतरचा एक सुट्टीचा दिवस, तुमचीच शेड, तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्या हातानं तपासणार, शंका आली तर पुढं मॅमोग्राफीला पाठवणार. पहिल्या वर्षी बायका आल्या, चहा प्यायल्या, पण पडद्याआड कुणी जाईना. दवाखान्यातून आणलेले गाऊन पाठीमागं उघडे. तुम्ही एक गाऊन हातात धरून उलटासुलटा केलात. "तपासायचं पुढं आनि उगडं पाटीमागं. कुना गड्यानं शिवलाय ह्यो?" आणि त्याच आठवड्यात सेकंडच्या टॉवेलांची जाकिटं बेतलीत. पुढून उघडणारी, डाव्या-उजव्या बाजूला वेगळी नाडी, म्हणजे एक बाजू तपासताना दुसरी झाकलेली. पुढच्या वर्षी बायका रांगेत उभ्या. निम्म्या तर जाकिटासाठीच आल्या होत्या, ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही होतं.

तरी नगाच्या पैशापायी एखादी सुट्टीच्या दिवशीही मशिनवरून उठायचीच नाही. "एवढा गठ्ठा संपवते अक्का, मग येते." तुम्ही वाद घालायचा नाहीत. मशिनचं बटण बंद करायचात, मोटरचा पट्टा काढायचात आणि बांगडीसारखा मनगटात घालून निघून जायचात. पट्टा नाही तर मशिन नाही. ती बाई थोडा वेळ बसायची, मग पडद्याआड जायची. बाहेर आली की तुम्ही पट्टा तिच्या हातात द्यायचात. "घे. आता शिव कायबी."

तुम्हाला आठवतं का, मी तुमच्यासाठी पुण्याहून ती आत घालायची फोमची उशी आणली होती? तोवर तुम्ही काढलेल्या बाजूला हातरुमाल गुंडाळून ब्लाउजात खोचत होतात. लग्नाकार्यात तो खाली सरकायचा. मी लांबून तुमच्याकडं बघून म्हणायचे, "म्याल." म्याल म्हणजे वर. तुम्ही पदर सावरल्यासारखं करून तो वर घ्यायचात आणि बोलणं पुढं चालू. अक्षता हातात घेऊन उभ्या असताना मी "म्याल" म्हटलं आणि नवरीच्या आईनं अंतरपाटच वर धरला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून तर पुण्याहून ती उशी आणली. तुम्ही ती दोन दिवस वापरलीत. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये आले तर ती तुमच्या मशिनवर, टाचण्या टोचलेली.

"लई चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "टाचनी एकदम आत जाती."

ती अजून तिथंच आहे. मी हलवलेली नाही.

आता भांडणाचं. रेणुका. तुमच्या वळसंगची, तुमच्या शेडमध्ये कडा शिवणारी, गप्प, कामाला चोख. गेल्या महिन्यात तिच्याही छातीत, डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. ती तुमच्याकडं आली. तिला पॉलिसी नव्हती आणि तुमच्या मनात होतं, की तिलाही तुमच्यासारखी खोली मिळावी, स्वतःची खाट, खिडकी, माणसासारखं. हे मी समजू शकते. पण तुम्ही जे केलंत ते फक्त तुम्हीच करू शकता.

तुम्हाला एवढं पक्कं माहीत होतं, की पॉलिसी घ्यायच्या आधी आजार कागदावर आला तर तो 'आधीचा आजार' होतो. मग कंपनी दोन-तीन वर्षं थांबायला लावते, नाहीतर पॉलिसीच नाकारते. म्हणून रेणुकाचा कागद कोरा ठेवायचा. म्हणून तुम्ही तिला एका अनोळखी सेंटरवर सोनोग्राफीला नेलंत आणि नाव लिहून दिलंत स्वतःचं. महादेवी, वय एकसष्ट. रेणुका चव्वेचाळीसची. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

हे तुम्ही मला शेडमध्ये चहा पिताना सांगितलंत, भाजी कशी स्वस्त मिळाली ते सांगावं तसं.

"माझ्या नावावर एक गाठ हायच की. आनि एक आली तर काय बिगडलं?"

"आणि रिपोर्ट?"

"त्योच तर घोळ झाला." तुम्ही हसायला लागलात. "डॉक्टरीनबाईंकडं नेला. त्यांनी वाचला, माझ्याकडं बगितलं, परत वाचला. म्हनल्या, महादेवी, डावीकडं तुला काय उरलंय गं गाठ यायला?"

मलाही हसू आलं. दोघी हसलो. मग मी विचारलं, बाई काय म्हणाल्या पुढं. तुमचं हसू गेलं. त्या म्हणाल्या होत्या, ज्या बाईची ही गाठ आहे तिला लगेच घेऊन या. सुई टाकून बघायला हवं.

"मग नेलंत?"

"नेती की. आदी तू तिची पॉलिसी काड. महिना जाऊ दे. मग गाठ सापडली म्हनायचं."

नव्या पॉलिसीत पहिला महिना आजाराचे पैसे मिळत नाहीत, तेही तुम्हाला पाठ होतं. मी कप खाली ठेवला. फॉर्मवर प्रश्न असतो, वन्सं, शरीरात कुठं गाठ आहे का. त्याच्याखाली तिची सही आणि माझीही. मी म्हटलं, मी हा फॉर्म भरणार नाही.

"भरू नगं. दुसरा एजंट बगती."

"बघा. कंपनी जुने कागद शोधून काढते. सापडले की एक पैसा देत नाही आणि पॉलिसी रद्द करते. आणि तो महिना? त्या महिन्यात गाठ काय करेल? तिला नियम माहीत आहे का, की महिनाभर वाढायचं नाही?"

"आनि तुझ्या नियमाला बाई म्हाईत हाय का? तुमचा कागद कोरा ऱ्हावा म्हनून बाईनं आत गाठ वाडवायची व्हय?"

"तेच तर तुम्ही करताय."

मशिनवरच्या उशीतून तुम्ही एक टाचणी काढलीत, परत खोचलीत. मी म्हटलं, सरकारी योजना आहे. रेशन कार्ड लागतं. त्यात गाठ आधीची का नंतरची हे विचारत नाहीत.

"हाय म्हाईत. कार्डावर तिचं नाव अजून वळसंगला भावाकडं हाय. आनि रांगा किती, बगितल्यास का?"

"रांगेत मी उभी राहीन."

"तू?" तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंत. "तू बँकेत दोन मान्सं फुडं असली तर परत येतीस."

मग कुणीतरी थान घेऊन आलं आणि तुम्ही उठलात. "रविवारी घरी येती. तवा बोलू," म्हणालात. शुक्रवारी तुम्ही गेलात.

वन्सं, मी फॉर्मच्या बाबतीत बरोबर होते आणि अजूनही आहे. तुम्हाला तो मान मिळणार नाही. पण "तुझ्या नियमाला बाई म्हाईत हाय का" हे विचारण्यात तुम्ही बरोबर होतात. मी इतकी वर्षं पॉलिस्या विकते. बाई आजारी पडली की काय मिळेल हे मी झोपेतही सांगेन. आजारी आहे का ते बघायला जाणाऱ्या बाईला काय मिळेल, असं कुणी विचारलं की माझ्याजवळ तुमचं जाकीट सोडून काही नसतं.

इथवर सांगून होतंय तोच रेणुका आली, जाकिटं वाळत घालायला. मी बोलावलं नव्हतं. आम्ही दोघी दोरीच्या दोन बाजूंना. मी सरळ विचारलं, डॉक्टरीणबाईंकडं कधी जायचं.

"आता काय गरज न्हाय ताई."

"का?"

"ती अक्कांच्या नावावर गेली." ती केशरी जाकीट पिळत होती. "रिपोर्ट त्यांच्या नावाचा. त्या गेल्या, संगट घेऊन गेल्या. शेडमदल्या समद्या म्हनत्यात. अक्कांनी जाता जाता एकीचं तरी भलं केलं."

वन्सं, मी खूप प्रकारची कारणं ऐकली आहेत. पैसे नाहीत, नवरा विचारेल, उपास आहे, लाज वाटते. हे नवीन होतं. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही ते आवडलं. तुम्ही मांडी घालून बसलेल्या, पदराच्या गाठीत रेणुकाची गाठ बांधलेली. तुम्ही नेलीही असतीत, न्यायची सोय असती तर.

मी म्हटलं, "अक्कांनी नाव नेलं. त्यांचंच होतं. गाठ तुझ्याकडंच आहे. हात लावून बघ."

तिनं हात लावला नाही. "बारीक झालीया," म्हणाली.

"मग ते दवाखान्यातल्या मशिनला सांगू दे. तुझ्या नावानं."

"माज्या नावानं झालं तर मग ती माजीच हुईल की ताई."

मी विम्याच्या भाषेत बोलायला गेले, की कागदावर नसलं म्हणून अंगात नसतं असं नाही, आणि मला तुमचा चहाच्या कपाआडचा चेहरा आठवला. सांगितलं एवढंच, की तिच्या भावाला मी वळसंगला फोन केलाय, तो उद्या कार्ड घेऊन दवाखान्यात येतोय, डॉक्टरीणबाईंना कळवलंय, सकाळी ये.

"बगते," म्हणाली. आपल्याकडं बघते म्हणजे नाही.

ती गेली. मी उरलेली जाकिटं पिळली. ऊन चांगलं आहे, संध्याकाळपर्यंत वाळतील.

एक राहिलंय. जाकिटं शिवल्यापासून तुम्ही मला दर शिबिराला पहिली पडद्याआड पाठवायचात. मी कुरकुरायचे, की माझं काय, मी चांगली आहे, आधी बायकांना जाऊ दे. तुम्ही म्हणायचात, एजंटीनबाईनं जाकीट घातलं की बाकीच्यांची लाज जाती. मला वाटायचं, तुम्ही माझा नमुना म्हणून वापर करता. परवा डॉक्टरीणबाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "महादेवी दर वर्षी मला आधी तुमचंच विचारायची. 'माज्या भावजयीचं काय? नीट बगितलं का?' तुमचं ठीक आहे म्हटलं, की मगच चहा घ्यायची."

हे मला तुम्ही सांगायचं होतं. मी काहीतरी उलट बोलले असते, तुम्ही हुच्ची म्हणाला असतात आणि विषय संपला असता. आता मी काय करू याचं? म्याल, वन्सं. पदर सावरा. बस्स.

सोमवार.

सकाळी भाकरी करून, यांचा डबा भरून, रेणुकाच्या घरी गेले. कुलूप. ती शेडमध्ये होती, सगळ्यांच्या आधी आलेली, पुढ्यात टॉवेलांचा डोंगर, मशिन चालू. मला बघून तिनं आणखी जोरात चालवलं. बाकीच्या खाली मान घालून शिवत होत्या. म्हाताऱ्या शांताबाई दोरे तोडायच्या थांबल्या.

"येवडा गठ्ठा संपिवते ताई," रेणुका म्हणाली.

मी वाद घातला नाही. बटण बंद केलं. पट्टा काढायला मला जमेना, तुम्ही एका झटक्यात काढायचात. शांताबाई उठल्या, बोट घालून कसा सोडवायचा ते दाखवलं आणि परत जागेवर जाऊन बसल्या. मी तो मनगटात घातला. तेलकट होता, नव्या घड्याळाला डाग पडला. पिस्ता रंगाचं जाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर येऊन स्कूटीवर बसले.

ती येईल का, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला तरी दर वेळी कुठं माहीत असायचं? पण तुम्ही मागं वळून बघायचा नाहीत, म्हणून मीही बघितलं नाही. बऱ्याच वेळानं स्कूटी मागं दबली.

दवाखान्यात रांग होती. मी उभी राहिले. पुढं दोनच नव्हती माणसं, पुष्कळ होती, आणि मी परत आले नाही, याची नोंद घ्या. भाऊ कार्ड घेऊन कोपऱ्यात उभा होता. खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?"

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या पंख्याकडं बघत राहिले.

"रेणुका शरणप्पा बिराजदार," ती म्हणाली. "वय चव्वेचाळीस."

"कुठली बाजू?"

"डावी," रेणुका म्हणाली, आणि पहिल्यांदाच पदरावरून तिथं हात ठेवला. "माजीच हाय."

सुई टाकून झाली. निकाल यायचा आहे. तो कसाही आला तरी पुढची खिडकी कुठली आणि तिथं कुठला कागद लागतो, ते मी विचारून ठेवलंय. तिला घरी सोडलं, जाकीट तिच्याजवळच राहू दिलं. पट्टा अजून माझ्या मनगटात आहे. उद्या ती कामावर आली की तिच्या हातात देते.